बारा नंबरचा बोल्ट



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, दोघे तर कॉलेजात शिकवतात. मला बोलायला उभं करणार हे कळल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही तिथे काय बोलणार?" म्हटलं, जे येतं तेच. गंजलेल्या बोल्टाबद्दल.

गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधली फट भरते आणि बोल्ट धरून बसतो. त्यात लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल आणि पाणी लागलं, तर सरांनी प्रयोगशाळेत दाखवलेला सेलच तयार होतो. तेव्हा मी मागच्या बाकावर पेंगत होतो. तो धडा मला नंतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांनी शिकवला.

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तो दिवस इथल्या कुणाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर माझ्या दारात गाड्यांची रांग लागली. त्यात आपल्याच वर्गातल्या एका मित्राची वडापची गाडी होती. तो इथेच बसलाय, नाव घेत नाही. घर त्या गाडीवर चालायचं. इंजिनात पाणी गेलेलं, म्हणजे हेड उतरवणं आलंच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बारा नंबरचे बोल्ट सोडायला घेतले. तीन सुटले.

बोल्ट सुटताना 'कट्' असा आवाज येतो. आवाज न येता पाना मऊ लागला, तर बोल्ट सुटत नाही, पिळवटतोय. तिथेच थांबायचं. चौथा मऊ लागला. मला कळलं, पण मागे रांग होती. अजून थोडा जोर दिला आणि तो हेडच्या बरोबरीने तुटला. मग घाईतच ड्रिल मारलं, तेही मध्यापासून सरकलं. त्यात ईझी-आऊट घातला, तोही आत मोडला. ईझी-आऊट इतका कडक असतो, की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं.

"पुरामुळे हेड गेलं" असं सांगितलं असतं तर त्याने मुकाट्याने मानलं असतं. त्या आठवड्यात सगळंच पुरामुळे गेलं होतं. रात्री फोन केला, खरं ते सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "किती दिवस?"

सहा दिवस लागले. लेथवाल्याकडेही रांगच. त्याने कार्बाइडने तो तुकडा कोरून काढला, भोक मोठं करून हेलिकॉइल बसवली. पैसे मी दिले. सहा दिवसांचं भाडं बुडालं ते मात्र त्याचंच बुडालं. त्यानेही कधी मागितलं नाही, मीही विषय काढला नाही. आज काढतोय.

आता मी आदल्या रात्री तेल सोडून ठेवतो. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. नाहीच हलला तर बाजूचं हेड तापवायचं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तेल पुसून आणि पेट्रोलची नळी लांब ठेवून, हे विसरू नका. तुटलाच तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं. ईझी-आऊट सगळ्यात शेवटी.

तुमच्यापैकी कुणाचा बोल्ट अडकला तर पाना खाली ठेवा आणि मला फोन करा. रविवारी दुपारी मात्र नको, मी झोपलेला असतो.