नानकटाई आणि नातवंडे
(मंडळाच्या महिला शाखेच्या फराळ-संमेलनात झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चिटणिसांनी आम्हां दोघी जावांना दिवाळीच्या फराळाविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा आपल्याला पाककृती सांगावयाच्या आहेत अशीच आमची प्रथम समजूत झाली. परंतु पाककृती आता कोणालाही घरबसल्या मिळतात; त्यांसाठी आम्हां म्हाताऱ्यांना व्यासपीठावर चढविण्याचे कारण नाही. म्हणून आम्ही असे ठरविले की, कृती एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, आणि कधी कधी कशी जात नाही, याविषयी बोलावे. बोलते आहे एकटी मोठी जाऊ. परंतु दोघींच्या वतीने. तेव्हा या भाषणातील 'आम्ही' आदरार्थी नसून संख्येने खरे आहे, हे आरंभीच सांगून ठेवते.

जबलपूर आणि मराठी यांचा संबंध आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांहून जुना आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग याच गावी एकमेकांस मिळाले. रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या. आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरकडची, वऱ्हाडातली, कोकणातली माणसे वळकट्या घेऊन इथे उतरली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या बरोबरीने मराठी ही राज्यकारभाराचीही भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ वेगळा झाला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. आणि आपली भाषा कचेरीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. ती अजून तिथे आहे काय, हाच आज आमच्या बोलण्याचा विषय आहे.

फराळाच्या ताटातील इतर पदार्थ चुलीवर होतात. नानकटाईला मात्र भट्टी लागते. नावातील 'नान' म्हणजे फारसीतील रोटी. ही वस्तू सुरतेला डचांच्या भट्टीतून पारशी भटारखान्यात आली आणि तिथून सर्वत्र पसरली, असे सांगतात. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळ्यांत घरात ओव्हन कुठला? तूप, पिठीसाखर, मैदा, थोडे बेसन, वेलची-जायफळ असे सगळे सामान डब्यांत भरून पोरांच्या हाती बेकरीत पाठवावयाचे. पहाटेचे पाव निघाले की लाकडाच्या भट्टीचा कडकडीत ताव उतरतो आणि दुपारी मंद, सारखी आंच उरते. नानकटाईला तीच हवी. तिथले चाचा लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारीत. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी खोचलेली असे आणि ती नानकटाईच्या बरोबरीने बदामी होऊन बाहेर येई. मुले तासन् तास ओट्यावर बसून राहत. त्या वासासाठी त्यांना ताटकळणे जड वाटत नसे.

एके वर्षी चिठ्ठी जळाली आणि डबे बदलले. घरी येऊन पाहतो तो आपली बेसनाची नानकटाई नाही. पिस्ते लावलेली, केशराची कोणाची तरी! भाऊबिजेच्या दिवशी एक मारवाडी बाई आमचा डबा शोधत दाराशी आल्या. अर्धा त्यांच्या मुलांनी फस्त केला होता, जसा त्यांचा आमच्या मुलांनी. तेव्हापासून त्या घरी आमचे ताट जाते आणि त्यांचे आमच्याकडे येते. परमुलखात फराळाचे महत्त्व यामुळेच अधिक. पुण्यात शेजारणीकडे करंजी पाठविली तर तिच्याकडूनही करंजीच येते. इथे करंजी गेली की खुर्मे येतात, पपड्या येतात, लाई-बत्तासे येतात. आणि जी करंजी आपण दिवाळीला करतो, तिचीच बहीण गुजिया होऊन होळीला शेजारच्या घरातून आपल्याकडे परत येते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत हीच वस्तू 'नेवरी' या नावाने नाताळच्या ताटात बसते. सण वेगळे आणि देव वेगळे, परंतु सारण भरून कडा मुरडणाऱ्या बोटांची चाल एकच.

असो. आता जे सांगावयाचे ते थोडे अवघड आहे.

आमच्या सासूबाई अनारसे करीत. तसे अनारसे आम्ही पुन्हा कुठे खाल्ले नाहीत. कृती अवघ्या जगास ठाऊक आहे: तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, सावलीत कापडावर पसरावे, दमट असतानाच कुटून चाळावे, तितकाच गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा करून ठेवावा, मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून, मंद तुपात न उलटता तळावे. परंतु तांदूळ 'दमट' म्हणजे किती दमट, हे त्यांच्या तळहाताला ठाऊक होते, आणि ते आम्हांला त्यांनी कधी दाखविले नाही. त्यांचे सोवळे कडक, वेळ थोडा, आणि आमच्या हातून बिघडेल हे भय मोठे. "तुम्ही सरका, मी करते," हे त्यांचे वाक्य. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही सरकलो. तेवढेच काम वाचले, असे वाटले. त्या गेल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही दोघींनी अनारसे टाकले आणि ते कढईत हसले. आपल्याला ठाऊक आहे, अनारसा हसतो म्हणजे तुपात विरघळून त्याचा चुरा होतो. अनारसे हसत होते आणि आम्ही दोघी कढईपाशी बसून रडत होतो. त्यानंतरही अनेक वर्षे करून पाहिले. अनारसे झाले, परंतु 'ते' झाले नाहीत. आता आम्ही तयार पीठ मागवितो. एका घराण्याचा एक पदार्थ आमच्या डोळ्यांदेखत गेला. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. एकीने हात लावू दिला नाही आणि दोघींनी हट्ट धरला नाही, एवढेच.

याच चुकीच्या उंबरठ्यावर काही वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. आमची नात बंगळुरास वाढते. त्या वेळी ती नऊ वर्षांची होती. तिला मराठी समजते, परंतु आपण मराठीत विचारावे आणि तिने हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर द्यावे, असा तिचा रिवाज. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एक तरी नातू वा नात आहे, हे आपल्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. दिवाळीला आली, तेव्हा तिने विचारले, शाळेत नाताळात कुकीज केल्या होत्या, तशा इथे करता येतील का? जर्मनीसारख्या देशांत नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत आज्या नातवंडांना जवळ घेऊन अशाच बिस्किटांचे डबे भरतात. मुलीची इच्छा वावगी नव्हती. आम्ही म्हटले, "करू या, पण आपल्या. आपल्या कुकीला नानकटाई म्हणतात."

तिच्यापुढे परात ठेवली. एक वाटी थिजलेले तूप, एक वाटी पिठीसाखर. "आता हे फेस." तिने विचारले, "फेसणं म्हणजे फेस आणणं?" होय, अगदी तेच! हातात हवा धरून ती तुपात कोंडावयाची. तूप पांढरे, हलके झाले की त्याची लहानशी गोळी पाण्यात टाकून पाहावी. तरंगली तर फेसणे पुरे झाले. बुडाली तर अजून हात चालवावयाचा. मग दोन वाट्या मैदा, त्यातला थोडा काढून तितके बेसन, चिमूटभर सोडा, चमचाभर दही, वेलची, जायफळ. इथून पुढे मळावयाचे नाही, नुसते गोळा करावयाचे. मैद्याला मळले की तो चिवट होतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता कडक होते.

मग ती गोळे वळू लागली. एक पेढ्याएवढा, एक बोराएवढा, एक कुठल्याच आकाराचा नाही. धाकट्या जाऊबाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि तोंडून शब्द निघाले, "सरक गं, मी करते." आणि आम्ही दोघी एकदम थबकलो. ते वाक्य आमचे नव्हतेच. ते सासूबाईंचे होते. हात मागे घेतला. तो मागे घेणे हे आमच्या आयुष्यातील सर्वांत अवघड पाकसाधन होते, हे गंमत म्हणून सांगत नाही.

पत्रा तसाच ओव्हनमध्ये गेला. लहान गोळे करपले, मोठे आत कच्चे राहिले. आम्ही काहीही बोललो नाही. तिने दोन्ही मोडून पाहिले, क्षणभर विचार केला, आणि दुसऱ्या पत्र्यावरचे गोळे सगळे एकसारखे आले. सासूबाईंनी आम्हांला एकदा तरी असे बिघडवू दिले असते, तर आज आमच्या घरी अनारसे असते.

गरम नानकटाई हातात घेतली की मोडते, निवाली की धरते. तोवर थांबण्याच्या त्या अर्ध्या तासात आम्ही तिला भट्टीची, जळालेल्या चिठ्ठीची आणि बदललेल्या डब्याची गोष्ट सांगितली. मग तिनेच ताट भरले, तिनेच त्यावर रुमाल घातला, आणि त्या मारवाडी बाईंच्या घरी तीच ते घेऊन गेली. येताना ताट रिकामे आले नाही.

बंधुभगिनींनो, आमचा मुद्दा एवढाच आहे. आपण नातवंडांसाठी फराळाचे डबे बांधतो, टपालाने आणि विमानाने धाडतो. डबा पोचतो, मुले चार दिवस खातात, डबा संपतो. त्यात प्रेम आहे, परंतु वारसा नाही. वारसा पोचतो तो मुलाचे हात पिठात गेल्यावर. आणि हातांबरोबर शब्द जातात. फेसणे, मळणे, थापणे, मुरडणे, परतणे. मोहन, सारण, साठा, सोऱ्या, कातणे. थिजलेले, पातळ, दमट, खुसखुशीत. हे शब्द वर्ग भरवून शिकविता येत नाहीत, कारण ज्या मुलाने करंजीची कड मुरडलीच नाही, त्याला 'मुरडणे' हा शब्द कशाला लागेल? कचेरीतून उठलेली भाषा स्वयंपाकघरात येऊन बसली, असे आम्ही आरंभी म्हटले. मुलांना आपण स्वयंपाकघरातूनही सरकविले, तर तिला बसावयास जागा कुठे उरेल?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे आमची एक लहानशी सूचना आहे. येत्या दिवाळीत प्रत्येक घराने एक पदार्थ संपूर्णपणे नातवंडांच्या हवाली करावा. मुलगी असो वा मुलगा. तो वाकडा झाला तरी सरळ करू नये. करपला तरी ताटात ठेवावा. आणि शेजारी ताट न्यावयाचे ते मुलानेच न्यावे. ज्यांची नातवंडे परदेशी आहेत, त्यांचे काम नानकटाईपुरते तर सोपेच आहे. आपल्याला ज्या भट्टीसाठी गावभर जावे लागे, ती तिकडे बहुतेक घरांत शेगडीच्या खालीच असते.

आता शेवटचे सांगते आणि बसते. पुढच्या दिवाळीला नात येऊ शकली नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. पडद्यावर परात दिसत होती आणि नाकाला मैदा लागला होता. म्हणाली, "मोठी आजी, धाकटी आजी, तूप फेसलं, पण गोळी बुडली." आम्ही विचारले, "तूप थिजलेलं होतं का गं?" "नाही, पातळ होतं." "मग परात थोडा वेळ थंड जागी ठेव, आणि पुन्हा फेस."

फोन ठेवल्यावर आमच्या ध्यानात आले, की तिचे सगळे बोलणे मराठीत झाले होते. तिच्या मात्र ते ध्यानातही नव्हते. तिचे लक्ष गोळीकडे होते. अर्ध्या तासाने पुन्हा घंटा वाजली. या वेळी एकच शब्द होता.

"तरंगली!"