गोठा, उकिरडा आणि मिथेन वायू
(कडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्यवस्थापक मंडळाने आम्हास दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही शिक्षणप्रसारावर किंवा विवाहातील खर्चावर बोलू अशी मंडळींची अपेक्षा असावी. आम्ही मात्र आज शेणाविषयी बोलणार आहोत. मंडपात हशा पिकला तो आम्हास ऐकू आला. तथापि हसणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या दावणीस जनावरे आहेतच.

गाय, बैल, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या कोटीपोटात चारा आंबतो, तेथील सूक्ष्म जंतू मिथेन वायू निर्माण करतात आणि तो मुख्यत्वे ढेकरेवाटे बाहेर पडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. पण तो हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो, म्हणून त्याचे प्रमाण घटविल्यास गुण लवकर दिसतो. २०२१ साली ग्लासगो येथे अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के घटविण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तीवर सही केली नाही. दोन जनावरांवर प्रपंच चालविणाऱ्या शेतकऱ्यावर हे ओझे टाकू नये, हे आम्हासही पटते. परंतु खाल्लेल्या चाऱ्यातील शक्तीचा २ ते १२ टक्के भाग या वायूच्या रूपाने वाया जातो, हे ऐकल्यावर हा प्रश्न केवळ परराष्ट्रांचा राहत नाही. कडब्याचे भाव आष्टी तालुक्यात कोणास सांगावयास नकोत!

आता आमच्या घरची कथा. १९८६ साली आम्ही परसात गोबरगॅसचे यंत्र बसविले. विहिरीसारखा खड्डा आणि वर तरंगणारी लोखंडी टाकी, असा तो खादी ग्रामोद्योगाचा नमुना. चुलीच्या धुराने आमच्या कुटुंबाचे डोळे सदैव पाणावत, ते थांबले. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला, जनावरे छावणीत गेली, खड्डा कोरडा पडला आणि टाकीस गंजून भोके पडली. घरात सिलिंडर आला. काही वर्षांनी चिरंजीवांनी संकरित गाई घेतल्या, तेव्हा स्लरीचे खत उत्तम म्हणून शेण पुन्हा त्याच खड्ड्यात पडू लागले. टाकीची दुरुस्ती मात्र राहिली. एका गवंड्याने विसार घेतला आणि तो पुन्हा फिरकला नाही. पण खरा दोष आमच्या आळसाचा.

कुजक्या अंड्यासारखा वास परसात येई. तो मिथेनचा नव्हे, त्यासोबतच्या गंधकयुक्त वायूचा. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवूनही आम्ही त्याचा अर्थ लावला नाही. मग एके दिवशी पाटी घेऊन बसलो. रोज ५० किलो शेण म्हणजे सुमारे २ घनमीटर गॅस. त्यात मिथेन निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे पाऊण किलो. यास २८ ने गुणिले, तर एकवीस किलो. इतका कार्बन डायऑक्साइड नऊ लिटर पेट्रोल जाळल्याने होतो. आमच्या दारी मोटार नाही, आणि सारा वायू सुटत असल्यास आम्ही रोज नऊ लिटर पेट्रोल हवेत जाळीत होतो!

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शेण मोकळ्या हवेत पसरून वाळले, तर मिथेन अल्प होतो. बंद खड्ड्यात तो मुद्दाम निर्माण केला जातो, म्हणून तो शेगडीत जाळलाच पाहिजे. चालू यंत्र हे पुण्य आणि गळके यंत्र हे उकिरड्याहून वाईट. यंत्रे बसविल्याचे आकडे आपण वाचतो. जळणाऱ्या शेगड्या कोणी मोजाव्यात?

हे कार्य महाराष्ट्रास नवे नाही. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढण्यात आला होता. देहूचे डॉ. मापुसकर यांनी शौचालयास गॅसयंत्र जोडण्याचे काम गावोगाव नेले. त्यांस २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री लाभली. ज्या विषयास आपण नाक मुरडतो, त्यात शहाण्या माणसांनी आयुष्य वेचले आहे.

ढेकरेचा वायू यंत्राने थांबत नाही, तेथे उपाय गव्हाणीत. कडबा अख्खा न टाकता कुट्टी करावी, हिरवा चारा आणि क्षारमिश्रण द्यावे. गव्हाच्या भुसकटाच्या १०० किलोंस ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपावा आणि तीन आठवडे दाबून झाकून ठेवावे. हा चारा सहा महिन्यांखालील वासरांस देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विष आहे. चारा नीट पचला की दूध वाढते आणि लिटरमागे मिथेन घटतो. निकृष्ट चाऱ्यावर दहा जनावरे पोसण्यापेक्षा चांगल्या चाऱ्यावर सहा बरी, असे आमचे मत आहे. चिरंजीवांस ते अद्याप पटलेले नाही.

टाकी गेल्या उन्हाळ्यात बदलली. नव्या टाकीचा खर्च चिरंजीवांनी केला, रंग आम्ही दिला. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर आमच्या घरी यावे. दुपारच्या चहास शेगडी पेटलेलीच असते.