जुना संगणक भंगारात देऊ नका



विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणून मोताळ्यातील कोणी आपला जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नये. अशा यंत्राचा प्रोसेसर सहसा शाबूत असतो. ते मंदावते फिरत्या हार्डडिस्कमुळे व अपुऱ्या रॅममुळे. एसएसडी बसवा, रॅम वाढवा, मोफत मिळणारे लिनक्स घाला. अभ्यासापुरते ते पुन्हा चालू लागते. शेजारच्या अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात घडलेला परम महासंगणकही बाजारात मिळणारे प्रोसेसर एकत्र जोडूनच उभा राहिला. तेव्हा प्लग काढा आणि पेचकस मुलाच्या हाती द्या, मुलीच्याही द्या. वीजपुरवठ्याची बंद पेटी तेवढी उघडू देऊ नका. नवा संगणक पैशाने येतो. यंत्राची भीती मात्र हात लावल्यानेच जाते.