काँक्रीटआधीचा एक दिवस
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर बोलणारे आज बरेच आहेत. मी रेल्वेच्या बांधकाम खात्यात मिस्त्री होतो, म्हणून मला संडासाच्या पाइपावर बोलायला सांगितले आहे. हसू नका. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घर बांधणारे इथे पुष्कळ आहेत. नोकरी खरगपूरला किंवा इटारसीला, आणि घर चालले आहे जळगावात. पोस्टातल्या साथींचेही तेच. काम ठेकेदाराच्या भरवशावर चालते आणि आपण रजेवर येतो तेव्हा जमिनीचे काँक्रीट होऊन गेलेले असते. खाली काय गाडले आहे ते त्यानंतर कुणालाच दिसत नाही.

माझ्याच घराची गोष्ट सांगतो. पाइप टाकले त्या दिवशी मी हजर होतो. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर लाइनवर जावे लागले आणि ठेकेदाराने संध्याकाळपर्यंत काँक्रीट ओतून टाकले. जोत्यातली भरणी पाणी मारून धुम्मसने ठोकलेली नव्हती. मजूर घमेली घेऊन पाइपावरूनच ये-जा करत होते, त्यांना कुणी फळी टाकून दिली नव्हती. पाइप मधोमध बसला. दिवाळीला पाहुणे आले आणि भांड्यातले पाणी वर आले. नवी फरशी फोडावी लागली. चाळीस वर्षे दुसऱ्यांची कामे तपासणारा मी, घरच्या कामात फसलो.

म्हणून क्रम नीट ध्यानात घ्या. आधी भरणी थराथराने ठोकून घ्या, मग पाइपासाठी चर खणा. संडासाचा पाइप ११० मिलिमीटरचा, न्हाणीच्या पाण्याचा ७५ चा. ११० च्या पाइपाला पन्नासास एक उतार ठेवा, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. भांड्यापासून बाहेरचे चेंबर चार मीटरवर असेल तर आठ सेंटिमीटर. नजरेने उतार देणारे मिस्त्री पुष्कळ भेटतील; आपण पाण्याची पारदर्शक नळी लावून दोन्ही टोके मोजा. पाइप पूर्ण लांबीभर मातीवर टेकला पाहिजे, नुसत्या दोन विटांवर नाही. काटकोनी वळण एका बेंडने घेण्यापेक्षा पंचेचाळीस अंशांच्या दोन बेंडनी घ्या. पाइप जाळावर तापवून वाकवू देऊ नका. तशी सवय कित्येकांना आहे, बेंडचे पैसे वाचतात, पण पाइप तिथेच चपटा आणि कमजोर होतो.

दुसरी चूक मापाची. जमिनीत तोंड असलेल्या पाश्चात्त्य भांड्याचे माप भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत धरतात. ते कुठे नऊ इंच, कुठे बारा. हे माप तयार भिंतीपासूनचे असते. विटेच्या भिंतीपासून नऊ इंच मोजून पाइप उभा केला, आणि पुढे प्लास्टर व टाइल मिळून दीड इंच भिंत पुढे आली, की भांडे बसत नाही. तेव्हा भांडे आधी विकत घ्या, पाइप मग उभा करा. देशी पद्धतीचे भांडे असेल तर त्याखालच्या ट्रॅपची खोलीही आधीच धरावी लागते. वरच्या मजल्यावर त्यासाठी स्लॅबचा तेवढा भाग खाली घेतात. तो किती खाली हवा हे सेंट्रिंग लागण्यापूर्वी इंजिनिअरकडून ठरवून घ्या. नंतर छिन्नी लावून सळया तोडणे म्हणजे छतच दुबळे करणे.

आता त्या एका दिवसाचे सांगतो. पाइप जोडले की खालचे टोक बूच लावून बंद करा आणि वरपर्यंत पाणी भरा. पातळीवर पेन्सिलीने खूण करा. चोवीस तासांनी पाहा. पाणी उतरले असेल तर कुठला तरी सांधा गळतो आहे, आणि तो आजच सापडेल. काँक्रीट ओतताना पाणी भरलेलेच राहू द्या, म्हणजे घमेल्याचा किंवा व्हायब्रेटरचा धक्का लागून पाइप फुटला तर लगेच कळते. उघड्या तोंडांत सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबू देऊ नका. तो आत जातो आणि वर्षाने तुम्हीच प्लंबरला शिव्या देता. टोपी बसवा.

ठेकेदार म्हणेल, मजूर बसून राहतील. त्यांची रोजी बुडता कामा नये हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाणी भरायचे ते त्यांच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, किंवा त्या दिवशी विटा भिजवण्याचे काम द्या. करारातच लिहा: पाण्याची परीक्षा मालकाने पाहिल्याशिवाय काँक्रीट नाही. आपण गावी नसाल तर त्या शाखेतला एखादा साथी पाहून येईल.

चेंबर घराबाहेर, झाकण उघडता येईल असे ठेवा, आणि पाइप जिथे वळतो तिथे एक द्या. तुंबलेला पाइप मग जमिनीवर उभे राहून बांबूच्या पट्टीने मोकळा करता येतो. नाहीतर कुणाला तरी टाकीत उतरवण्याची पाळी येते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. ती कुठल्याच युनियनच्या यादीत नसतात.

ज्यांनी घराचे नकाशे बरोबर आणले असतील त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याकडे यावे. पेन्सिल आणि मोजपट्टी मी आणली आहे.