अत्तराच्या कुपीला किती मोजायचे?

'बूँद से गई सो हौद से नहीं आती' ही म्हण मराठी माणूसही हिंदीतच म्हणतो. तिच्यामागची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. भर दरबारात बादशहाच्या हातून अत्तराचा एक थेंब गालिच्यावर पडला. त्याने तो पटकन बोटाने टिपून घेतला आणि नेमकं ते परमुलखातल्या वकिलाने पाहिलं. आपली कंजूष म्हणून बदनामी नको, म्हणून दुसऱ्या दिवशी बादशहाने अख्खा हौद अत्तराने भरून लोकांसाठी खुला केला. तेव्हा तो वकील हे वाक्य बोलला म्हणतात.

सगळे या गोष्टीत बादशहाला हसतात. मला मात्र वाटतं, थेंब टिपला तेव्हा तो शहाणाच होता. चुकला तो हौद भरताना. आणि त्या हौदात खरं गुलाबाचं अत्तर असेल यावर तर माझा काडीचा विश्वास नाही. का नाही, ते पुढे हिशेब करूनच सांगतो.

तर आजचा विषय एवढाच, की बाटलीला पैसे किती मोजावेत? कवीने बाटलीचा विषय काढला की लोक गालातल्या गालात हसतात. त्यात तो गझल लिहिणारा असला तर विचारूच नका. उर्दू शायरीत शराब एवढी सांडलेली आहे, की रियाज़ ख़ैराबादींसारख्या शायराने जन्मभर तिच्यावर शेर लिहिले, पण ओठाला थेंब लावला नाही, हे सांगूनही लोकांना खरं वाटत नाही. माझी बाटली अत्तराची आहे. पाव तोळ्याची, करंगळीएवढी.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अमरावतीच्या इतवारा बाजारात संध्याकाळी चालायला जागा नसते. शेवया, खजूर, टोप्या, बांगड्या, आणि मधेच अत्तराच्या गाड्या. जुम्म्याला आणि ईदला आंघोळ करून खुशबू लावून नमाजला जावं, असा आमच्याकडचा रिवाज. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं म्हणून नमाजी माणसाची पसंती अत्तराला. त्यामुळे घरटी एक तरी कुपी जातेच. गाडीवर एकाच घाटाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. 'गुलाब' इथे चाळीस रुपयांना, तिथे तीनशेला आणि आतल्या दुकानात तीन हजारांना. वास तिन्हींना गुलाबाचाच. मग गिऱ्हाइकाने करायचं काय?

त्यासाठी अत्तर कसं होतं ते थोडं पाहावं लागेल. उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या कनौजला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तांब्याचा मोठा देग, म्हणजे हंडा. त्यात फुलं आणि पाणी. झाकण मातीने आणि चिंध्यांनी लिंपून बंद. त्यातून बांबूची नळी निघते आणि पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या लांबमान्या भांड्यात जाते. त्या भांड्याला म्हणतात भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. खाली लाकडाचा, शेणाच्या गोवऱ्यांचा जाळ. फुलांची वाफ नळीतून येते, थंड होते आणि चंदन तिला धरून ठेवतं. पाणी खालून काढून टाकायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी ताजी फुलं. जुना कारागीर आच किती हवी ते भांड्याला हात लावून ठरवतो. असं तयार होतं ते अत्तर. आणि चंदन न घालता निव्वळ फुलाचं तेल काढलं, तर त्याला म्हणतात रूह. रूह म्हणजे आत्मा.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की गुलाबाचं अत्तर नूरजहाँच्या आईने शोधलं. गुलाबपाणी करताना गरम भांड्याच्या वर जो तवंग येतो, तो तिने थोडाथोडा करून जमवला. तवंगच तो. तो किती येणार?

आता हिशेब. एक किलो रूह गुलाबासाठी साधारण चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे एका ग्रॅमला चार किलो. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याला सुमारे ४६ किलो पाकळ्या. फुलं शंभर रुपये किलोने धरली, तर निव्वळ फुलांचेच चार हजार सहाशे झाले. जळण, मजुरी, नफा वेगळा. अत्तराचंही तेच. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखात चालतो. अगदी एकच लाख धरला, तरी तोळाभर तेलाला जवळपास अकराशे सत्तर रुपये पडतात, आणि अजून त्यात एकही फूल पडलेलं नाही. चंदन महाग का, ते सांगायला नको. बंगल्याच्या आवारातलं झाड रात्रीतून कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कर्नाटकात तर २००१ पर्यंत चंदनाचं झाड तुमच्या शेतात उगवलं तरी मालकी सरकारची होती. लोक कशाला लावतील?

आणि बादशहाचा तो हौद? हजार लिटरचा लहानसा धरला, तरी तीन हजार टनांवर पाकळ्या लागल्या असत्या. दहा टनांचा एक, असे तीनशेहून जास्त ट्रक. एका रात्रीत! वकील ते वाक्य बोलला, तेव्हा त्याच्या नाकालाही काही कळलं असेल, असा मला संशय आहे.

मग चाळीस रुपयांच्या बाटलीत काय असतं? बहुतेक वेळा कारखान्यात तयार झालेला सुगंध आणि तो पातळ करायला लिक्विड पॅराफिन, नाहीतर प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात ते डीओपी. ऐकायला बरं वाटत नाही. पण गुलाबाच्या वासाचे मुख्य घटक रसायनशास्त्राला केव्हाच माहीत झाले आहेत आणि ते स्वस्तात तयार होतात. त्यातला जिरॅनिऑल नावाचा एक घटक तर आपल्याच डोंगरात उगवतो, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

आपल्या सातपुड्याच्या उतारांवर, मेळघाटाकडे, एक उंच गवत येतं. कोणी त्याला रोशा म्हणतात, कोणी तिखाडी. पान चुरगाळलं की गुलाब आणि लिंबू एकत्र कुस्करल्यासारखा वास येतो. गुडघे धरले की आमच्या घरातल्या म्हाताऱ्या तिखाडीचंच तेल मागत. पावसाळा सरता सरता हे गवत फुलावर येतं. तेव्हा ते कापून ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचं तेल काढत. खानदेश, निमाड आणि आपलं वऱ्हाड ही त्या तेलाची जुनी मुलखं. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे आणि पुढे थेट कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तिथून युरोपात त्याला 'तुर्की जिरॅनियम' असं नाव पडलं. तुर्कस्तानात आणि बल्गेरियात ते कशाला हवं होतं? गुलाबाच्या अत्तरात मिसळायला! देगमध्ये टाकण्याआधी पाकळ्यांवरच ते शिंपडायचे, म्हणजे पुढे ओळखू येऊ नये.

पॅरिसच्या एखाद्या मडमेने ऐपतीबाहेर पैसे मोजून बल्गेरियाचा अस्सल गुलाब घेतला असेल आणि तिच्या रुमालाला खरा वास आमच्या सातपुड्यातल्या गवताचा आला असेल. मला याचं हसूही येतं आणि वाईटही वाटतं. लबाडी तिकडची, पण गवत आमचं, घाम आमचा, आणि नाव तुर्कांचं. तिखाडीचं तेल तिखाडी म्हणूनच विकलं असतं तर कोणाची फसवणूक झाली नसती, कारण ते स्वतःच्या जोरावर चांगलंच आहे.

माझं अत्तराचं सगळं अर्थशास्त्र या गवतापाशी सुरू होतं. पैसे वासाला द्यायचे की नावाला, हे दुकानात शिरण्याआधी ठरवावं. वासाला द्यायचे असतील तर पन्नास-साठ रुपयांत आनंदाने घ्या, लाजू नका. विकणाराही ते 'रूह' म्हणून विकत नसेल तर त्यात खोटं काही नाही. नावाला द्यायचे असतील, म्हणजे खरंच फूल आणि खरंच चंदन हवं असेल, तर हजारांची तयारी ठेवा आणि पाव तोळाच घ्या. माणूस नागवला जातो तो मधे. सहाशे-आठशेचा तोळा, मखमली डबी, सोनेरी झाकण, वर अरबी अक्षरं आणि 'ओरिजिनल है साहब'. त्या किमतीत चांगलं मिश्रण मिळत नाही असं नाही, मिळतं. पण त्या किमतीत ते नाव खरं असू शकत नाही.

कस्तुरीचं तर विचारूच नका. शंभर रुपयांत 'असली मुश्क' विकणाऱ्याला मी एकदा म्हटलं, "असली असेल तर तुम्ही आणि मी दोघेही आत जाऊ." कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाजारात मिळते ती कारखान्यातली. तिचा पहिला प्रकार १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर या रसायनशास्त्रज्ञाला सापडला, तोही स्फोटकांवर काम करता करता. बाँब शोधायला गेला आणि कस्तुरी हाती लागली. उलटंच जास्त घडतं.

पारख कशी करावी, असं मला लोक विचारतात. कागदावर थेंब टाकून डाग पाहणं वगैरे युक्त्या आहेत, पण चंदनाचं तेलही सावकाश उडतं, त्यामुळे त्यात फार अर्थ नाही. मनगटावर एकच लावा, पैसे देऊ नका, बाजार फिरून या. रसायनांचा वास पहिल्या पाच मिनिटांत सगळा बोलून घेतो, बहुतेक वेळा. चांगलं अत्तर तासाभराने वेगळं असतं आणि संध्याकाळी आणखी वेगळं. एकामागून एक दहा बाटल्या हुंगल्या, तर अकराव्या बाटलीत पाणी भरलेलं असलं तरी कळणार नाही. आणि 'संध्याकाळी येतो' म्हटल्यावर ज्याचं तोंड उतरतं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

अकोल्याला टिळक रोडच्या बाजूला एका गल्लीत माझ्या ओळखीचे अत्तरवाले चाचा बसतात. त्यांच्याकडे मी दुपारी तासन्‌तास बसलेलो आहे. आपल्या वऱ्हाडात हिंदूंच्या लग्नातही मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी आणि अत्तर असतंच, त्यामुळे लग्नसराईत त्यांची निम्मी गिऱ्हाइकं खेड्यावरची. एकदा एक शेतकरी आला.

"चाचा, पोरीचं लगन हाय. पाव्हण्यायले लावाले चांगलं अत्तर द्या. दोन हजारापर्यंत चालीन."

"मानसं किती?"

"चारशेक."

"मंग पाटील, दीडशेच्या दोन कुप्या न्या. मांडवात स्वयंपाकाचा धूर, घाम, गर्दी. दोन हजाराचं अत्तर तिथं कोन वळखते? काहून पैसा घालवता?"

पाटील घुटमळले. पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. लग्नातला निम्मा खर्च त्याच प्रश्नाचा असतो. शेवटी त्यांनी दोन कुप्या घेतल्या. चाचांनी तिसरी, लहानशी, हिन्याची, पोरीसाठी म्हणून तशीच दिली.

दुसरा प्रसंग लग्नाचा नाही. आमच्यात मय्यतीला गुसल दिल्यावर कफनाला अत्तर आणि कापूर लावतात. जिनिंगमध्ये काम करणारा एक तरुण आला. आई गेली होती. खिशातले सगळे पैसे त्याने गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाला, "चाचा, सबसे महँगा दे दो."

चाचांनी पैशाकडे पाहिलं नाही. विचारलं, "अम्मा कौनसा लगाती थी, बेटा?"

"ईद को हिना लगाती थी. वो छोटीवाली शीशी."

चाचांनी तीच छोटी शीशी काढली, कापराची पुडी बांधली, चाळीस रुपये घेतले आणि बाकीचे त्याच्या मुठीत परत दिले. महागातलं दिलं असतं तर त्या दिवशी त्याने किती मोजले असते, याला हिशेब नव्हता. त्याच्यासारख्यांच्या दुःखावर मोठी दुकानं चालतात हे चाचांना चांगलं माहीत आहे.

मी स्वतः काय घेतो, हेही सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. रोजच्यासाठी इतवाऱ्यातली साठ रुपयांची हिन्याची कुपी. ती चार-पाच महिने पुरते. आणि एक पाव तोळा मिट्टीचं अत्तर, कनौजहून आलेलं, चांगलं महाग. भाजलेली माती देगमध्ये घालून तिची वाफ चंदनात उतरवतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचा आवर्जून उल्लेख केला होता. ते पाव तोळा मला तीन वर्षं पुरलं आहे, कारण मी ते एप्रिल-मे सोडून लावत नाही. जूनमध्ये आपल्या काळ्या मातीवर पहिला शिडकावा पडला की ती बाटली कपाटात जाते. तो वास त्या दिवशी फुकट असतो.