वाटाण्याची पेरणी : वेळ आणि अंतर

बियाणे, खत आणि पाणी यांसाठी शेतकऱ्याला पैसा मोजावा लागतो. परंतु पेरणीची वेळ आणि दोन रोपांमधील अंतर ही साधने त्याला विनामूल्य लाभलेली असतात. म्हणूनच की काय, त्यांच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. वाटाण्याच्या पिकात मात्र या दुर्लक्षाची किंमत पुरेपूर चुकवावी लागते.

वाटाणा हे थंड हवेचे पीक. उत्तर भारतात ते हिवाळ्यात घेतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूची गोष्ट निराळी आहे. तेथे पावसाळ्यात दुपारचे तापमान २८ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. त्यामुळे जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन पेरण्या साधतात. आपल्या पुरंदर तालुक्यातील पावसाळी वाटाणाही असाच प्रसिद्ध आहे.

बाजारात पहिल्या मालाला भाव चढा मिळतो, म्हणून हंगामापूर्वीच पेरण्याचा मोह होतो. पण तापलेल्या, ओल्या जमिनीत मुळे कुजतात, रोपे मरतात. उलट पेरणी लांबली, तर फुलोरा उन्हात सापडतो. तापमान ३० अंशांपलीकडे गेले की फुले गळतात, दाणे भरत नाहीत, आणि भरलेल्या दाण्यातील साखरेचे पीठ लवकर होते. शिवाय कोरडे दिवस व गार रात्री यांबरोबर भुरी येते.

आता अंतराचा विचार करू. ठेंगण्या, लवकर येणाऱ्या जातीसाठी दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ३,३३,००० रोपे बसतात. ओळींतील अंतर ४५ केले, की हीच संख्या २,२२,००० वर येते. विरळ पिकात एकेका झाडाला शेंगा अधिक लागतात. पण मोकळ्या जागेत तण माजते आणि एकूण उत्पन्न घटते. फार दाट पिकात वारा खेळत नाही व रोग फैलावतो. उंच वाढणाऱ्या जातींना अर्थातच अधिक जागा हवी.

ही दोन्ही साधने परस्परांशी निगडित आहेत. उशिरा पेरलेल्या झाडाला वाढीस दिवस थोडे मिळतात. ते लहानच राहते. अशा वेळी ओळी थोड्या जवळ घेणे युक्त ठरते. परंतु तेव्हाच भुरीचे भय वाढते. येथे वाणाची निवड उपयोगी पडते. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे १९६७ साली स्थापन झालेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भुरी व तांबेरा यांस दाद न देणारा 'अर्का अजित' हा वाण दिला आहे.

तरीही प्रत्येक शिवाराची हवा वेगळी. म्हणून पुढील हंगामात शेताच्या एका कडेला आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन पट्टे पेरावेत, प्रत्येकाच्या शेंगा निरनिराळ्या तोलाव्यात आणि तारखांसह वजन वहीत टिपून ठेवावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या जमिनीची तिथी आपल्याला कळेल.