बालेवाडीची दुहेरी


भिवपुरी, कर्जत, खालापूरच्या मंडळींनो,
आज ऐका टेनिसच्या पुरुष दुहेरीविषयी.

कर्जतहून घाट चढला, की पुणं फार लांब नाही.
तिथे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात
२०१८ साली एक व्यावसायिक स्पर्धा आली.
टाटा ओपन महाराष्ट्र.
आपल्या भिवपुरीच्या वीजगृहाशी जोडलेलं टाटा हे नाव, तेच या स्पर्धेलाही होतं.

२०१९ मध्ये तिथे दुहेरी जिंकली
रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी.
दोघेही भारतीय!

पण मला जास्त आवडतो तो २०२२ चा अंतिम सामना.
बोपण्णांच्या जोडीला होते रामकुमार रामनाथन.
समोर ऑस्ट्रेलियाची जोडी.
पहिला सेट आपल्या जोडीनं गमावला.
दुसरा जिंकला.

आता तिसरा?
अशा स्पर्धांत दुहेरीचा तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत.
थेट दहा गुणांची झुंज होते.
आधी दहा गुण करायचे,
आणि दोन गुणांनी पुढे राहायचं.
दमायला वेळ नाही, सावरायलाही नाही.
बोपण्णा आणि रामनाथन यांनी ती झुंज जिंकली.

दुहेरी म्हणजे दोघांनी मिळून राखलेलं मैदान.
एकेरीपेक्षा ते रुंद असतं.
दोन्ही कडेच्या पट्ट्या खेळात येतात.
एक जण सर्व्हिस करतो.
दुसरा बहुतेक वेळा जाळ्याजवळ उभा असतो.

पुन्हा सांगते, दोघांनी मिळून राखलेलं मैदान.
टीव्हीवर दुहेरी लागली,
तर त्या जाळ्याजवळच्या खेळाडूवर नजर ठेवा.
चेंडू येण्याआधीच तो कुठे सरकतो, ते पाहा.